विसरलेलं रिझ्यूम

जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत नवं व्याकरण घुसवायचं म्हणून ताई तीन वर्षं हात धुऊन मागे लागल्या होत्या. गोष्ट तशी साधी. काम करता करता एखाद्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या तुकड्याला, काही लागलं, की त्यानं जागच्या जागी थांबून वरच्याला, म्हणजे ज्यानं त्याला कामाला लावलं त्याला, विचारायचं. वरच्यानं उत्तर देऊन ‘रिझ्यूम’ लिहायचं, की खालचं थांबलं होतं तिथूनच पुढे चालू. एवढ्यासाठी तीन वर्षं! शब्द कोणता, कंस कुठे, यावरून घरी नवऱ्याचं डोकं खाऊन झालं होतं. तो बिचारा आता न ऐकताच ‘हो’ म्हणायचा.

भाषेत काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या समितीचा नियम असा, की ताईंसकट बारापैकी एकानं जरी हरकत घेतली तरी प्रस्ताव बोंबलला. आणि तो एक ठरलेला होता: खोडकाका. वरचा रिझ्यूम लिहायला विसरला तर खालचं नुसतं वाट बघत बसेल, ना चूक दिसणार ना उत्तर, म्हणून भाषेनंच आधी ओरडायला हवं, असा त्यांचा हेका. तसं करायचं तर सगळी मांडणी बदलावी लागली असती. एवढं विसरण्याइतकं बिनडोक कोण असतं, असं ताईंनी त्यांना भर बैठकीत ऐकवलं होतं.

आज शेवटची संधी; आज नाही झालं तर प्रस्ताव बासनात. ताईंनी सगळ्यांसमोर पडद्यावर दहा ओळींचा नमुना लिहिला आणि ऐटीत चालू केला. फंक्शननं वरच्याला तारीख विचारली आणि पुढे काहीच नाही. उत्तराची जागा कोरीच. अध्यक्षबाई म्हणाल्या, नेट संथ असेल, चालायचंच. ताईंनी सहावी ओळ पुन्हा वाचली. रिझ्यूम लिहिलंच नव्हतं.

काकांनीही वाचलं होतं. त्यांनी ताईंकडे पाहिलं, चष्मा काढला आणि पुसत बसले. कुणाची हरकत आहे का, असं अध्यक्षबाईंनी विचारलं, तेव्हाही ते पुसतच होते. ताईंना हायसं वाटलं, आणि लगेच त्याचीच लाज वाटली.

“माझी आहे,” त्या म्हणाल्या. “मी रिझ्यूम विसरले. मीच विसरते, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात?”

प्रस्ताव बासनात गेला. खोली रिकामी झाली तशी ताईंना रडू आवरेना. काका मात्र गेले नव्हते.

“आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो होतो मी,” ते चिडून म्हणाले, “तेही तुम्हाला बघवलं नाही.”

मग खुर्ची ओढून ते ताईंच्या शेजारी बसले, आणि दोघं नव्या प्रस्तावासाठी मांडणी बदलायला लागले.