पाव तास आधी

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून चष्म्याच्या काचा पुसता पुसता मी धाकट्या बहिणीचा बुद्धिबळाचा डाव मोबाइलवर बघत होते. डाव बघणं सोसतं, त्याखालची लोकांची बडबड सोसत नाही. पटाशेजारी एक उभी पट्टी असते, कोण वरचढ आहे ते यंत्र तिच्यात दाखवतं. पट्टी जरा खाली सरकली की घोडा कसा चालतो हे कालपरवा शिकलेले विद्वान हिची अक्कल काढायला मोकळे. कुणी तिच्या केसांवर बोलतं, कुणी लग्नावर. उकिरडा आहे नुसता.

त्यातला सगळ्यांत शहाणा म्हणजे 'जाणकार'. हा चाल आधीच सांगतो आणि ती खरी ठरते, म्हणून बाकीचे त्याला गुरुजी म्हणतात. धाकटीने त्याची धास्तीच घेतली आहे. काल फोनवर म्हणाली, "ताई, त्याचं कधी चुकत नाही गं. तो म्हणतो, मी खेळ सोडावा. उद्याचाही डाव गेला तर सोडतेच."

आज जाणकाराने लिहिलं, "बाई आता हत्ती कोपऱ्यात नेऊन स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार." बऱ्याच वेळाने पटावरचा हत्ती खरंच कोपऱ्यात गेला. खाली वाहवा सुरू झाली.

मला ते पटेना. इतकी वेडगळ चाल आधी ओळखणार कोण? मग आठवलं. खेळाडूला बाहेरून कुणी मदत करू नये म्हणून डाव आमच्यापर्यंत पाव तास उशिरा येतो. गुरुजी काही ओळखत नव्हते, डोळ्यांनी बघून सांगत होते. म्हणजे ते तिथेच, स्पर्धेच्या सभागृहाला लागून असलेल्या पालकांच्या खोलीत काचेला नाक लावून बसले होते.

तेवढ्यात त्याने आणखी लिहिलं, "टेबलाखाली चपलेतून पाय काढला. पाय काढला की ती संपली म्हणून समजा."

कॅमेऱ्यात नुसते पट दिसतात. आणि तिची ही खोड आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही.

तिला खेळ शिकवला बाबांनी. गेल्या वर्षी तिने दुसरे सर धरले, तेव्हा "मी आपला पिशव्या उचलेन" म्हणून हसले, तेही बाबाच. तेव्हापासून प्रत्येक स्पर्धेला तेच तिच्यासोबत जातात.

मी फोन लावला. "बाबा, तिने चप्पल काढलेली आम्हाला इथे दिसत नाही."



"तिथे मला लोक मानतात गं," बाबा म्हणाले.

त्या उकिरड्यातल्या कुणाचीही मला इतकी किळस आली नव्हती. काही बोलणार, तोच फोनमध्ये दार उघडल्याचा आवाज आला. माझ्या मोबाइलवर डाव अजून चालूच होता.

"हरले मी, बाबा," धाकटी म्हणाली. "बघा ना, जाणकार काय म्हणतोय?"

"नको वाचूस, बाळा," बाबा म्हणाले. "आधी पाणी पी."