हेडमध्ये रुतलेला बोल्ट

मुकुंदवाडी स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर योगिनीचे गॅरेज होते. त्या दुपारी तिथे उभ्या असलेल्या ट्रकमध्ये धुतलेले ओले अद्रक काठोकाठ भरले होते. ते उद्या सकाळी इंदूरच्या मंडईत उतरले नाही, तर पोत्यांतच बुरशी धरणार होते. ट्रकची मालकीण बानाबाई हिने मेंढरांचा कळप विकून हा ट्रक घेतला होता. गाडी चालवायचा तिचा भाचा बिभीषण. इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या फटीतून धूर येतो म्हणून त्यानेच पान्याला पाइप लावून बोल्ट आवळले होते, आणि दोन मोडले होते.

"अक्कल गहाण टाकली व्हती का रं?" बानाबाई त्याला फैलावर घेत होती.

मॅनिफोल्ड काढल्यावर योगिनीने पाहिले. एका बोल्टचे टोक बाहेर डोकावत होते. त्यावर नट वेल्ड करताच तो मुकाट्याने निघाला. दुसरा मात्र आत, भोकाच्या तोंडाखाली तुटला होता. ड्रिल जरा तिरके गेले, की इंजिनाच्या हेडमधले, बोल्ट धरणारे आटे गेलेच. आणि हेड उतरवायचे म्हणजे दोन दिवस.

तिने आतल्या तुकड्यावरच वेल्डिंगचे थर चढवीत तो वर आणला आणि त्यावर नट जोडला. पाना फिरवताच नट तुटून हातात आला. दुसराही तसाच गेला.

"ताई, नाय निघत ते," बिभीषण पुटपुटला. "गंजून एक झालंय."

योगिनीने तिसरा नट जोडला, लाली ओसरू दिली आणि मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत झिरपले. मग तिने पाना लावला आणि हलकेच आवळला.

"अहो, आवळताय काय! आवळूनच तर मोडला!"

"तू गप," बानाबाई म्हणाली. "मेंढराच्या खुरातला काटा बी आधी जरासा दाबावा लागतो. तवा सुटतो."

"अगदी तसंच, मावशी," योगिनी म्हणाली. आतून 'टक्' असा बारीक आवाज आला. गंजाची पकड सुटली होती! तिने घाई केली नाही. तसूभर सोडला, पुन्हा आवळला, पुन्हा मेण. प्रत्येक खेपेला पाना थोडा अधिक फिरू लागला. अखेरीस तो काळाकुट्ट तुकडा तिच्या हातमोज्यावर पडला. आत आटे शाबूत होते.

नवे बोल्ट बसले, फट बुजवणारी नवी गास्केट बसली. बिभीषणाने इंजिन सुरू केले. फट्फट् नाही, धूर नाही. एकसारखी, भरदार घरघर.

"बया, बया! लई झ्याक!" बानाबाई केबिनमध्ये चढताना ओरडली.

भरलेला ट्रक दिवेलागणीआधीच जालना रोडला लागला. तो वळेपर्यंत योगिनी तिथेच ताठ उभी राहिली, मग समोरच्या टपरीकडे वळून तिने हाक दिली, "कडुबा मामा, आज सगळ्यांचा चहा माझ्याकडून! हेड न उतरवता काढलाय!"