हजार वेळा विसरलेली सिस्टर

"एक सांगते, पण लिहून घेऊ नका," सिस्टर म्हणाली. बिघाडरावांनी पेन मुकाट्याने खिशात ठेवलं.

बिघाडराव हे त्यांचं कारखान्यातलं नाव. नवजात बाळांना ऊब देणारी काचेची पेटी तिथे बनायची. खालच्या मजल्यावरचे लोक तिची सर्किटं करत, वरचे प्रोग्राम लिहीत, आणि दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. पेटी घडण्याआधीच सर्किट आणि प्रोग्राम कॉम्प्युटरवर एकत्र नांदवून बघायचे, मग वीज घालवायची, तारा तोडायच्या, हे बिघाडरावांचं काम. बावीस वर्षं ते मोडतोडीचाच पगार घेत होते आणि त्यात त्यांचा जीव रमत होता. या वेळी नऊशे बिघाड करूनही पेटी हूं की चूं करेना. उद्या पेटी बनवायला घेण्याच्या मंजुरीवर सह्या व्हायच्या होत्या. तरी त्यांना चैन पडेना, म्हणून त्यांनी इस्पितळात अशा पेट्या वापरणाऱ्या या सिस्टरला बोलावून घेतलं होतं.

बाळाला पुसताना पोटावरचा सेन्सर काढावा लागतो, ती सांगू लागली. एकदा शेजारचं बाळ रडलं म्हणून ती धावली आणि सेन्सर पेटीच्या कडेला लोंबकळत राहिला. त्याला गार हवा लागली, पेटीला वाटलं बाळच गारठलंय, आणि ती तापत गेली. सिस्टर परतली तेव्हा बाळ लालबुंद झालं होतं. ते वाचलं. पण सतरा वर्षं तिने हे कुणापाशी काढलं नव्हतं.

बिघाडरावांनी कॉम्प्युटरवरच्या पेटीशेजारी एक बिननावाची नर्स घातली आणि तिला सेन्सर लावायला विसरायला लावलं. सेन्सर ठीक, सर्किट ठीक, प्रोग्राम ठीक, आणि पडद्यावरच्या बाळाचा ताप चढतच गेला. दोन्ही मजल्यांचे लोक धावत आले. जन्मात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं: नर्सना नीट शिकवा. सिस्टरने मान खाली घातली.

"हात दोन आणि बाळं वीस," बिघाडराव म्हणाले. "माणूस विसरणारच. पेटी बदला."

सह्या महिनाभर पुढे गेल्या. साहेबांनी बिघाडरावांना फैलावर घेतलं. ते मात्र शीळ घालत जागेवर येऊन बसले. खालच्यांनी सेन्सरला कातडीचा स्पर्श ओळखणारी चकती बसवली. स्पर्श सुटला की ऊब वाढू न देता घंटा वाजवायची, एवढं वरच्यांनी प्रोग्रामला शिकवलं. चकती कशी असावी यावर दोन्ही मजले आठ दिवस भांडले, पण एकाच टेबलाशी बसून. बिघाडरावांना कोण आनंद झाला.

मग सिस्टरला पुन्हा बोलावणं गेलं. पडद्यावर बाळाच्या तापमानाची एक सरळ रेघ संथपणे पुढे सरकत होती.

"ही नर्स सकाळपासून हजार वेळा विसरलीय," बिघाडराव म्हणाले.

"आणि बाळं?" तिने हळूच विचारलं.

"हजारच्या हजार ठणठणीत."

सिस्टर हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिने मनगटाने पुसले आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"अजून एकदा विसरू द्या तिला," ती म्हणाली. "मला बघायचंय."