कृष्णकेतूचं लहानपण

"थांब, आता मेन जागा येतीय," असं म्हणून रामकिसननं मोबाइलचा आवाज वाढवला.

कंपनीची बस तारापूरच्या नाक्यावर अडकली होती. पहिल्या पाळीची माणसं आंबून सीटवर कलंडली होती. रामकिसन मूळचा जालन्याकडचा. घरी जाताना मोबाइलवर कथा ऐकायची त्याला सवय होती, आणि ती एकट्यानं ऐकायची नाही ही दुसरी सवय. सध्या स्वारी कृष्णकेतूवर खूश होती. कृष्णकेतू म्हणजे महाजादूगार, महादुष्ट, एका फुंकरीत नगरं जाळणारा. पहिल्या कादंबरीच्या शेवटी तो मेला खरा, पण ऐकणारे त्याला मरू द्यायला तयार नव्हते. म्हणून आता त्याचं लहानपण सुरू झालं होतं. हा माणूस असा का झाला, त्याची कथा.

शेजारी बसलेला कमलेश डुलक्या घेत होता. ही कथा त्याच्या बायकोची, हे बसमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. भाविका बोईसर स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करायची आणि गिऱ्हाईक नसलं की टोपणनावानं जादूगार जन्माला घालायची. कमलेश बॉयलरवरचा माणूस. काचेतली पाण्याची पातळी सोडून दुसरं काही वाचायचा त्याला कंटाळा. बायको राक्षसांचं काहीतरी लिहिते आणि लोकांना ते आवडतं, एवढ्यावर तो समाधानी होता.

मोबाइलमधली बाई भारदस्त आवाजात सांगत होती. डोंगरातली वस्ती, तापाची साथ, पोरं दगावलेली. गुरूनं सुपात तांदळाचे दाणे मांडले आणि बालशिष्य कृष्णकेतूला विचारलं, हा ताप कोणी आणला. शिष्याचं बोट उठलं. त्यानं सख्ख्या काकूचं नाव घेतलं. लोक तिला ओढत वस्तीबाहेर नेऊ लागले, तेव्हा ती मागे वळून त्या पोराला म्हणाली, "वत्सा, चुलीवर भात आहे. उतरव, करपेल."

कमलेशची झोप उडाली. त्यातला 'वत्सा' तेवढा भाविकाचा होता. बाकीचं वाक्य त्याच्या खऱ्या काकीचं, पारूकाकीचं होतं, आणि ते त्यानं आयुष्यात एकदाच, एकाच माणसाला सांगितलं होतं.

पुढे त्या बाईनं खुलासा केला, की गुरूनं गुप्त मंत्रानं पोराची जीभ बांधली होती. तोंड पोराचं, शब्द गुरूचे. रामकिसननं मोठा उसासा सोडला. "म्हंजे लेकराचा काय दोष न्हाई बघ," असं तो म्हणाला आणि मागच्या सीटवरच्यांनीही गुरूला यथेच्छ शिव्या घातल्या. सगळी बस कमलेशच्या बाजूनं होती आणि त्याला तिच्यातून उडी मारावीशी वाटत होती.

कमलेशचं लहानपण डोंगरातल्या पाड्यावर गेलं होतं. आई-बाप वीटभट्टीवर जायचे, मागे तो देवूमामाकडे राहायचा. मामा भगत होता, आजार कोणत्या भुताळीनं आणला ते सांगणारा. एका लग्नात ढोल वाजत असताना हा पोरगा थरथरत खाली पडला आणि मामानं जाहीर करून टाकलं, की याच्या अंगात वारं आहे. त्या दिवसापासून त्याचे केस कापायचे बंद झाले. परक्याच्या हातचं खायचं नाही, पोरांत खेळायचं नाही. थोरली माणसं वाकून त्याच्या पाया पडू लागली. मामाची रीत अशी, की दाणे आपण मांडायचे आणि नाव मात्र शिष्याच्या तोंडून घ्यायचं. लहान लेकरू खोटं बोलत नाही, यावर अख्ख्या पाड्याचा विश्वास होता. मामाचाही होता. पारूकाकीचं घर उठलं ते या विश्वासापायी.

घरी आल्यावर कमलेशनं पायातले बूटसुद्धा काढले नाहीत. भाविका चहा गाळत होती. बसमध्ये काय ऐकलं ते त्यानं सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा आधी खुलला, मग पडला. ती खोटं बोलली नाही. पोराला दुष्ट करायला काहीतरी खरं दुःख हवं होतं, आणि तिच्या ओळखीचं सगळ्यात खरं दुःख तेच होतं, असं ती म्हणाली. नाव कुठं घातलं नव्हतं, गाव नव्हतं, आणि उलट तिनं त्याच्यावर ठपकाही येऊ दिला नव्हता.

"त्यासाठीच तर मंत्र घातला ना मी," ती म्हणाली.

"मंत्र नव्हता."

"मंत्र नाय तर मामाची भीती. एकच झालं."

"मामानं नुसता इचारला. नाव मी घेतला," कमलेश म्हणाला. "मला ठाव होता मी काय बोलतो तो."

भाविकाच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. मग त्यानं सगळं सांगितलं, बॉयलरचा आकडा सांगावा तसं, एका सुरात. नाव घेतलं त्याच्या आदल्या दिवशी तो चार माणसांपुढं थरथरत होता आणि पारूकाकी हसली होती. नंतर घरामागं गाठून तिनं त्याला सांगितलं होतं, की हे सोंग पुरे. तुझा बाप भट्टीवरून आला की त्याला सांगते, पोराला आश्रमशाळेत घाल. ती रागावलीसुद्धा नव्हती. त्याच्या डोक्यातल्या जटांतून हात फिरवत बोलली होती.

"मला भ्या वाटला," कमलेश म्हणाला. "शाळेत गेलो तर पाया कोन पडंल?"

भाविका खाली बसली. ती केळव्याच्या बागायतदाराची मुलगी. लग्नाआधी केळव्याच्या सुरूच्या बनात कमलेशनं तिला पारूकाकीची हकीकत सांगितली होती, आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन ती वडिलांशी भांडली होती, की करीन तर याच्याशीच लग्न करीन. इतकं सोसलेला माणूस दुसऱ्याला दुखवणार नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"तेव्हा का नाय सांगितलंत?"

"मामानं बोलायला लावला असंल, असा तूच बोललीस. नि माझा हात धरलास. मी गप बसलो."

तिला रडू आलं नाही, राग आला. फसवलंत मला, असं ती स्वच्छ बोलली. कमलेशनं एवढंच सांगितलं, की खरं लिही, नाहीतर लिहूच नको. खरं लिहिलं तर लोक त्या पोराचं तोंड बघणार नाहीत, ती म्हणाली. न बघू देत, तो म्हणाला.

त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं. भाविका ताट वाढून आत जायची आणि दार लोटून लिहीत बसायची. कमलेश बाहेरच्या खोलीत चटईवर पडून तिच्या हालचाली ऐकायचा. ती आपल्याला ठेवणार की केळव्याला निघून जाणार, हे त्या लिहिण्यावर ठरणार, असं त्याला वाटत होतं. विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

नवा भाग त्यानं बसमध्येच ऐकला. मंत्र गेला होता. भाविकानं मोबाइलमधल्या बाईला एक शब्द जास्त दिला नव्हता, एक कमी दिला नव्हता. काकू हसली, जटांतून हात फिरवला, शाळेचं बोलली. दुसऱ्या दिवशी गुरूनं विचारलं आणि शुद्धीवर असलेल्या पोरानं शांतपणे तिचं नाव घेतलं. भाग संपल्यावर रामकिसननं मोबाइल खिशात टाकला.

"लई बेरकी निघालं की बेनं," तो म्हणाला. "आपण उगंच कीव करत बसलो."

अशा पोराला तेव्हाच कड्यावरून लोटायला हवं होतं, असं मागून कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही, सगळे खरोखरच चिडले होते. कमलेशनं मान हलवली आणि खरं हाय, असं म्हटलं. कधी कुठल्या कथेवर न बोलणारा माणूस बोलला म्हणून रामकिसन बघत राहिला. कमलेशला मात्र हलकं वाटत होतं. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्याला योग्य ती शिवी दिली होती.

त्या हलकेपणातच त्याचं ठरलं. पारूकाकी समुद्रकाठच्या दांडी गावात सुक्या मासळीच्या कामाला आहे, हे पाड्यावरच्या एकाकडून त्याला केव्हाच कळलं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यानं मोटरसायकल पुसायला घेतली, तेव्हा भाविका दारात आली. बरोबर येते म्हणाली नाही. ऐकणारे आता एकच विचारत होते, की कृष्णकेतू काकूकडे परत जातो का.

"ती काय बोलते ते मला येऊन सांगा," भाविका म्हणाली. "मनानं मी आता काय लिहिणार नाय."

दांडीला किनाऱ्यावर जवळा वाळत पडला होता. बायका लाकडी दाताळ्यांनी तो उलथा करत होत्या. पारूकाकी त्याला लगेच ओळखू आली. केस पांढरे झाले होते, अंग वाळलं होतं, पण उभं राहण्याची ढब तीच होती. कमलेश वाटभर वाक्य घोकत आला होता. ते सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलायचं असं त्यानं ठरवलं होतं, कारण नावही सगळ्यांसमोरच घेतलं होतं.

"काकी, मी कमलेश," तो म्हणाला.

तिचं दाताळं थांबलं. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि पुन्हा काम सुरू केलं.

"त्या दिवशी मी लबाड बोललो, काकी. तू भुता..."

"आवाज खाली घे." तिनं वर बघितलं नाही. "हितं कुनाला ठाव नाय."

तो म्हणाला, की तू तशी नव्हतीस हेच सांगायला आलोय, चारचौघींत सांगतो.

"नव्हती म्हनून सांगशील, तरी तो शब्द त्यांच्या कानात जाईल." तिचा हात सफाईनं चालला होता. "यांची नातवंडं माझ्या मांडीवर निजतात. उद्या त्यातला एक तापला, तर मंग? मला पुन्यांदा उठायला लागंल. आता कुठं जाऊ मी?"

कमलेशचं बसमधून आणलेलं ते हलकेपण तिथल्या तिथं ओसरलं. आपण पुन्हा एकदा आपल्याच सोयीचं बोलायला आलो होतो, हे त्याला कळलं. ओठांवर आलेलं वाक्य त्यानं गिळलं. माफी मागायला वाकावं म्हटलं, तर तेही चार डोळ्यांना दिसलं असतं.

छपराखाली टोपल्या भरणारी मालकीण जयवंती इकडेच बघत होती. तिनं तिथूनच विचारलं, "पारू, कोन गो तो?"

पारूकाकीनं दाताळं वाळूत रोवलं आणि कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

"गिऱ्हाईक हाय, बोईसरचा," ती म्हणाली. "जवळा पायजे त्याला."

जयवंतीनं मान डोलावून पुन्हा टोपलीत हात घातला. काकी छपराकडे गेली आणि माप घेऊन आली. गाडीच्या हँडलला अडकवलेली कापडी पिशवी कमलेशनं काढली आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडं धरलं. तिनं काठोकाठ भरलेलं माप त्यात रिकामं केलं. मग सगळ्याच गिऱ्हाइकांना घालत असेल तशी एक मूठ वर घातली, आणि ऊन आहे तोवर उरलेला जवळा उलथायला निघून गेली.