तांब्यातली शिरोरेषा

“मॅडम, ही रेघ काढणारा माणूस पिऊन होता का?”

शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीनं, धनश्रीनं, पैज लावली म्हणून ज्ञानेश्वरीनं विचारून टाकलं. एमआयडीसीतल्या त्या छोट्या कंपनीत नववीचा अख्खा वर्ग भेटीला आलेला. टेबलावर हिरवा सर्किट बोर्ड, आणि त्यावर तांब्याची एक रेघ सरळ जायचं सोडून नागासारखी वळवळत गेलेली.

“मीच काढलीय,” कंपनीतल्या डिझायनर माधुरी मॅडम म्हणाल्या. “शुद्धीत.”

वर्ग फिदीफिदी हसला. ज्ञानेश्वरीचे कान तापले. मॅडमनी मात्र नीट समजावलं, “या आठ रेघांमधून आठ निरोप निघतात, ते एकदमच पोचले पाहिजेत. जिची वाट जवळची, तिला मुद्दाम वळसे द्यायचे. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा उशीरसुद्धा महागात पडतो.”

रोज प्रार्थना संपल्यावर शाळेत पोचणाऱ्या मुलीच्या मनाला हे फारच लागलं. तिनं मॅडमचा नंबर घेतला, बोर्ड आखायचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि दोन महिन्यांत केडगावची एकमेव बोर्ड डिझायनर झाली. निवड समितीत ती एकटीच होती.

तिचा बोर्ड कॅमेऱ्यातलं चित्र छोट्या पडद्यावर आणणार होता. शनिवारी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. तिच्या वडिलांचं, हनुमंतरावांचं, गेट बनवायचं वर्कशॉप होतं; येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगत, “पोरगी लई भारी काम करती आमची. शनिवारी यायचं हाय बरं का!” म्हणजे चित्र आलं नाही, तर निम्म्या केडगावसमोर शोभा.

बुधवारी बोर्ड तयार होऊन आला. पडद्यावर चित्राऐवजी कोथिंबीर चिरून टाकल्यासारखं काहीतरी हललं. आई म्हणाली, “छान आहे गं, पण हे काय आहे?”

गुरुवारी शाळा सुटल्यावर ज्ञानेश्वरी बोर्ड घेऊन थेट मॅडमकडे. त्यांनी वरच्या रेघा पाहिल्या, सगळ्या ठीक. मग बोर्ड पालथा केला.

खालच्या बाजूचं तांबं सलग ठेवायचं असतं. त्या सलग तांब्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ठसठशीत अक्षरं कोरलेली होती : ज्ञानेश्वरी हनुमंत ठुबे.

“हे कधी टाकलंस?”

“तुम्ही डिझाइन तपासून दिल्यावर. रिकामी जागा दिसली ना, म्हणून...”

“रिकामी?” मॅडमनी कपाळाला हात लावला. “अगं, वरच्या रेघेतून गेलेला सिग्नल परत येतो तो याच तांब्यातून, बरोब्बर त्या रेघेच्या खालून. तू तिथं चर खणलास! इंग्रजीत लिहिलं असतंस, तर दोन अक्षरांमधून वाट तरी मिळाली असती. पण तुझी शिरोरेषा! आता बिचाऱ्याला पूर्ण नावाला प्रदक्षिणा घालून यावं लागतंय, म्हणून तर चित्र विस्कटलं.”

शिरोरेषा मध्ये तुटू द्यायची नाही, असं चौथीतल्या बाई घसा फोडून सांगायच्या. एवढ्या वर्षांत ज्ञानेश्वरीनं शाळेत मन लावून ऐकलेली ती एकच गोष्ट. शिवाय तिन्ही शब्दांवरून एकच रेघ ओढली होती, कारण तशी ती जास्त ऐटबाज दिसत होती.

“घरचं नाव राखलंस हो,” मॅडम म्हणाल्या, आणि दोघी खो-खो हसत सुटल्या.

मग मॅडमनी तांब्याची पट्टी कापून दिली. ज्ञानेश्वरीनं चराच्या दोन्ही काठांवरचा हिरवा थर खरवडला, आडव्या पट्ट्या टाकून सोल्डरनं झाळल्या, एकदा बोट भाजून घेतलं. बोर्ड सुरू केला. पडद्यावर मॅडमचा चहाचा कप आला, अगदी कानासकट. ज्ञानेश्वरीनं अशी किंकाळी फोडली की शेजारच्या खोलीतले दोघं धावत आले.

घरी वडिलांनी बोर्ड पालथा करून पाहिला. नावावर जागोजागी पट्ट्या, सगळीकडे डाग. ते हळूच म्हणाले, “चित्र झकास हाय. पन ही बाजू खाली ठिव. परीक्षक मार्क कापतील.”

“नाहीतर वरून शाळेचं स्टिकर लावू,” आई म्हणाली. “कळणारसुद्धा नाही.”

ज्ञानेश्वरीनं बोर्ड त्यांच्या हातातून घेतला.

“आई, पप्पा, ऐका. शनिवारी मी बोर्ड पालथाच मांडणार आहे. पडदा शेजारी, स्टिकर नाही. या पट्ट्या कसल्या, असं जो विचारेल त्याला सांगणार की हा बोर्ड मी बनवला, आणि बिघडवला तोसुद्धा मीच. मार्क कापले तर कापू देत. आणि पप्पा, तुमच्या गिऱ्हाइकांना सगळ्यात आधी मीच सांगणार.”