कुणीतरी आधी प्यायलेलं पाणी

वडील गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, पेन्शनचे कागद शोधताना, लेकीला आईच्या पलंगाखाली बाटलीबंद पाण्याचं खोकं सापडलं. त्यावर जुनी चादर पांघरलेली होती.

दुसऱ्या कुठल्या घरात याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण या घरातला कर्ता माणूस चौतीस वर्षं पाणीखात्यात नळाच्या पाण्याचे नमुने गोळा करत होता, आणि विकतच्या पाण्याने या घराचा उंबरठा एका अपवादाखेरीज कधी ओलांडला नव्हता. एकदा जावयाने प्रवासात उरलेली अर्धी बाटली टेबलावर ठेवली, तर सासऱ्यांनी ती न बोलता कुंडीत ओतली आणि रोप जगतं का ते आठवडाभर पाहिलं. रोप जगलं. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

लेकीने खोकं बाहेर ओढलं. पाहुण्यांसाठी आणलंय, आई म्हणाली. पण भेटायला आलेल्या सगळ्यांची नुसत्या चहावर बोळवण झाली होती आणि निम्म्या बाटल्या रिकाम्या होत्या.

 आई इतकी वर्षं नुसती हो ला हो करत आली असेल, तर बाबा जन्मभर स्वतःच्याच स्वयंपाकघरात हरत आले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांच्या बाजूने बोलायला आता लेकीशिवाय कुणी उरलं नव्हतं. मग तिने बाबांचे सगळे मुद्दे क्रमाने मांडले. बाटलीतलं पाणीही बहुतेक वेळा कुठल्यातरी नळाचंच असतं. ते गाळतात, झाकण लावतात, आणि मग ते ट्रकमध्ये उन्हात तापत पडतं. आपल्या नळाचं पाणी मात्र रोज तपासलं जातं. आई मधूनमधून विसरलेला मुद्दा सुचवत होती. तिला सगळं तोंडपाठ होतं. प्लास्टिकचं राहिलं, असंही तिने सांगितलं.

शेवटी लेकीने बाबांच्याच पद्धतीने सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. सहा सारखे पेले घेतले, तळाला आकडे चिकटवले. तीन पेल्यांत नळाचं पाणी, तीन पेल्यांत बाटलीतलं. दोन्ही सारखी गार व्हावीत म्हणून तासभर शेजारी शेजारी ठेवली. आईने आधी चष्मा मागितला. चव घ्यायला चष्मा कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, मग नुसतंच बसू का?

सहापैकी चार पेले तिचे चुकले. सगळ्यांत गोड म्हणून तिने बाजूला काढला तो नळाचा निघाला.

"बघ," लेक म्हणाली.

आईने मान डोलावली, नवी बाटली उघडली आणि दोन घोट प्यायली.

"अगं, आत्ताच तू..."

"चवीचं कोण बोलतंय? चव चांगलीच आहे."

मग पेले विसळता विसळता आईने सांगितलं. सकाळी बाबा उठले की नळ सोडायचे, दोन मिनिटं वाहू द्यायचे, अर्धा पेला प्यायचे आणि भिंतीकडे बघत थांबायचे. मग म्हणायचे, भर. त्याआधी तिने भांडं कधी नळाखाली धरलं नव्हतं. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हेच चालत आलं होतं.

लेकीने बाबांना तसं उभं असलेलं शेकडो वेळा पाहिलं होतं. तिला वाटायचं, त्यांची झोप अजून उडायची असते.

"या बाटलीवर निदान कुणीतरी तपासलंय असं छापलंय," आई म्हणाली. "कोण ते माहीत नाही. पण कुणीतरी."

त्या छापण्याबद्दलही बाबांचे चार मुद्दे होते. लेकीने ते काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती आईच्या आधी उठली. घड्याळ लावून नळ दोन मिनिटं वाहू दिला, अर्धा पेला प्यायली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. भिंतीवर एक खिळा होता, बाकी काही नव्हतं. आई रिकामं भांडं घेऊन दारात आली होती.

"भर," लेक म्हणाली.

आईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुझं नाक चोंदलंय. तीन आठवडे चोंदलेलंच आहे. तुला काय कळणार पाण्यातलं?"

 आईने भांडं खाली ठेवलं, लेकीच्या हातातला पेला घेऊन विसळला, अर्धा भरला आणि प्यायली. मग भिंतीकडे बघत थांबली. बाबांना लागायचा त्याच्या दुप्पट वेळ तिला लागला.

"क्लोरीन जरा जास्त आहे," ती म्हणाली. "कुठेतरी पाइप धुतला असेल. दुपारपर्यंत कमी होईल."

मग काय करायचं, लेकीने विचारलं.

"करायचं काय त्यात?" आईने पेला पुन्हा नळाखाली धरला, काठोकाठ भरला आणि तिच्या हातात दिला. "पी तू."