पन्ह्यावर पहारा

एप्रिलमधल्या एका सकाळी लक्ष्मीबाईंनी पन्ह्याच्या काचेच्या बरणीवर, मागच्या बाजूनं, पेनानं एक बारीक रेघ ओढली. कैरीचा गर जिथवर होता बरोबर तिथं. संध्याकाळी चष्मा लावून फ्रिज उघडला, तर गर रेघेच्या दोन बोटं वर आला होता.

खाली गेला असता तर त्यांना एवढं लागलं नसतं. घरातल्या कुणी चमचाभर खाल्ला असेल, म्हणून सोडून दिलं असतं. पण वर? म्हणजे बरणीत कुणीतरी काहीतरी ओततंय. घरात माणसं तीनच. त्या स्वतः, मुलगा गोकुळ आणि सून सोनिया. गोकुळ सकाळी सहाला वाळूजच्या कंपनीची बस पकडायचा तो चारनंतर घरी यायचा, आणि स्वयंपाकघरात त्याचं काम पाणी पिण्यापुरतं. राहिली सोनिया.

पुंडलिकनगरात लक्ष्मीबाईंच्या पन्ह्याला नाव होतं. बारा वर्षांपूर्वी पिशोरहून मुलाकडं राहायला आल्या तेव्हा शेजारपाजारी एकेक तांब्या देऊन सुरुवात झाली. मग कुणाच्या हळदीकुंकवाला, कुणाच्या साखरपुड्याला मोठे डबे जाऊ लागले. सोबत बडीशेपेचं सरबत, नारळाच्या वड्या, रव्याचे लाडू. त्यांनी कधी वाटी-चमचा मोजून काही केलं नाही. कैऱ्या उकडायच्या, गर हातानंच कुस्करायचा, गूळ घालायचा, वेलची, चिमटीनं मीठ, आणि बोट बुडवून जिभेवर टेकवायचं. झालं. कुणी विचारलंच प्रमाण, तर म्हणायच्या, "परमान माझ्या जिभेवर हाय."

सोनियाला घरात येऊन तीन वर्षं झाली होती. कामाला वाघ, बोलायला कमी. बायका म्हणायच्या, आता सुनेच्या हातात द्या की सगळं. लक्ष्मीबाई हसून विषय बदलायच्या. कैऱ्या धुवायला, नारळ खवायला सोनिया चालायची. गूळ आणि मीठ मात्र त्यांनी स्वतःकडंच ठेवलं होतं.

रेघेनंतर त्यांना एकेक गोष्ट आठवायला लागली. थंडीत त्यांना पंधरा दिवस ताप आला होता. त्यातून उठल्यापासून सोनियाचं वरण अळणी व्हायला लागलं होतं. पहिल्यांदा त्या बोलल्या, "मीठ संपलं का गं घरातलं?" सोनियानं गोकुळकडं पाहिलं. गोकुळनं मान खाली घालून भात कालवला. तेव्हापासून लक्ष्मीबाई ताटात वरून मीठ घेत होत्या. आता त्यांना त्या पाहण्याचा अर्थ लागल्यासारखा वाटला. दोघांचं आधीच काहीतरी ठरलेलं होतं.

दोन दिवसांनी दुपारी त्या पडल्या होत्या. झोप नव्हती, नुसते डोळे मिटलेले. गॅलरीतून सोनियाचा दबका आवाज आला. ती फोनवर बोलत होती.

"व्हय, आणते मी डबा. पण त्यांना कळू द्यायचं नाय, एवढंच."

थोड्या वेळानं दार हळूच वाजलं. लक्ष्मीबाई उठून खिडकीशी आल्या. सोनिया पदराआड स्टीलचा डबा घेऊन शेजारच्या नजमाच्या फाटकातून बाहेर येत होती.

नजमा! हिच्याशी तर दहा वर्षांचा घरोबा. नजमाच्या नवऱ्याचं, शफीभाईचं, शहागंजात बांगड्यांचं दुकान. ईदला तिच्याकडून शीरखुर्मा यायचा, दिवाळीला इकडून लाडू जायचे. लक्ष्मीबाईंनी तापात अंथरूण धरलं तेव्हा हीच बाई पेज घेऊन बसली होती. आणि आता आपल्या सुनेला हाताशी धरून हिचं काय चाललंय? पन्ह्यात पाणी घालून नाव घालवायचं, आणि मग दोघींनी मिळून स्वतःचा धंदा काढायचा? विचार मनात आला तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण विचार गेला नाही. उलट रोज नवं काहीतरी येऊन त्याला चिकटत राहिलं. त्या गच्चीवर पापड घालायला गेल्या की दोघींचं बोलणं थांबायचं. सोनिया बरणी पुसून ठेवायची ती तोंड भिंतीकडं करून. एकदा तर रेघच पुसली गेली होती.

आठवड्यावर नजमाच्या मुलीची, लुबनाची मेंदी आली. पन्हं आणि नारळाच्या वड्या लक्ष्मीबाईंकडूनच येणार, हे लुबना शाळेत होती तेव्हापासून ठरल्यासारखं होतं. नवऱ्या मुलाकडची माणसं जालन्याहून येणार होती. लक्ष्मीबाईंनी मनात पक्कं केलं. हे पन्हं कुणाचाही हात न लागता जाईल. मग दिसेलच काय ते.

मेंदीच्या आदल्या दिवशी त्या सोनियाला म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीनं पिशोरला जाऊन ये. बांधावरच्या झाडाच्या कैऱ्या उतरवल्यात म्हणून फोन आला व्हता."

सोनियाच्या हातातला खवलेला नारळ तसाच राहिला. "उद्याच? उद्या तर लुबनाची मेंदी आहे, आई."

"म्हणूनच म्हणते, दुपारपस्तोर परत ये."

"परवा गेले तर नाय का चालणार? तुमच्याजवळ कुणीतरी पाहिजे ना पन्हं करताना."

"इतकी वर्षं कोण व्हतं माझ्याजवळ?"

सोनियानं नारळ खाली ठेवला. तिचा चेहरा उतरलेला पाहून लक्ष्मीबाईंना वाटलं, बरोबर जागी घाव बसला.

सकाळी सोनिया गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. कैऱ्या उकडल्या, गर काढला, गूळ विरघळवला. मीठ घालून बोट चाटलं. फिकं वाटलं. आणखी घातलं. तरी काहीतरी कमीच. परत घातलं, तेव्हा कुठं जिभेला जाग आल्यासारखं झालं. त्यांना समाधान वाटलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा पन्हं त्यांच्या मनासारखं उतरलं होतं. पाणी घालून मोठा डबा भरला, कडीला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

दहाच्या सुमाराला नजमा आली. घरात लग्नाची धांदल, केसांत तेल तसंच, आणि हातात तो स्टीलचा डबा.

"झालं का पन्हं? जरा चाखू का मी?"

"माझ्या हातचं चाखून बघावं लागतं व्हय आता?"

"तसं नव्हं गं माय. जालन्याची माणसं येतायत, जरा धास्ती वाटते." नजमाची नजर कुलपावर गेली. "कुलूप कशाला लावलं?"

"मांजर येतं."

"डब्याच्या कडीला?"

लक्ष्मीबाईंनी डबा भिंतीकडं सरकवला. नजमा क्षणभर घुटमळली आणि हातातला डबा तसाच घेऊन परत गेली. त्यात काय होतं, हे लक्ष्मीबाईंनी विचारलं नाही. आपल्याला ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं.

दुपारी तीनला मांडवात बायकांची गर्दी झाली. पंखे गरम हवाच फिरवत होते. गोकुळनं सुट्टी घेतली होती. त्यानं डबा उचलून आणला आणि लक्ष्मीबाई शेजारून डब्यावर हात ठेवून चालत आल्या. त्यांनी कुलूप काढलं, बर्फ घातला आणि स्वतः खुर्ची टाकून डब्याजवळ बसल्या. नजमा दोनदा म्हणाली, "तू बस आरामात, मी वाढते." दोन्ही वेळा त्यांनी पळी सोडली नाही.

पहिले वीस-पंचवीस ग्लास भराभर गेले. मग कुणी दुसऱ्यांदा मागायला येईना. लक्ष्मीबाईंनी मान उंचावून पाहिलं. नवऱ्या मुलाच्या आत्यानं एक घोट घेतला, ओठ मिटले आणि ग्लास अलगद खुर्चीखाली सरकवला. तिच्या शेजारणीनं तिच्याकडं पाहिलं आणि आपला ग्लास न पिताच खाली ठेवला. मांडवाच्या कडेला, जिन्याच्या पायऱ्यांवर, कुंड्यांच्या आडोशाला भरलेले ग्लास उभे होते. लुबनाची भाची सुमय्या, सहा वर्षांची पोर, मोठ्यानं म्हणाली, "नानी, ये तो नमक का पानी है!"

कुणीतरी तिला दामटलं. लक्ष्मीबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"नजमा, माझ्या डब्यात काय टाकलं तू?"

मेंदी काढणाऱ्या मुलीचा हात थांबला. लुबनानं वर पाहिलं.

"मी?" नजमा म्हणाली.

"तू आन् सोनिया. मला काय दिसत नाय व्हय? डबे न्यायचे, डबे आणायचे. फोनवर कुजबुजायचं. आज पोरीच्या मेंदीत तरी..." आणि तिथं त्यांचं बोलणं अडलं. डबा कुलपात होता. किल्ली आत्ता या क्षणीसुद्धा कनवटीला टोचत होती. डब्यावरचा हात त्यांचाच होता आणि पळीही त्यांच्याच हातात होती. सोनिया तर सकाळपासून शहरातच नव्हती.

त्यांनी एक ग्लास भरून तोंडाला लावला. त्यांना ते पन्हं उत्तम लागलं. पहिल्यापासून होतं तसं, गोड, आंबट, बेताचं खारट. त्यांनी ग्लास खाली घेतला आणि पुन्हा त्या पायऱ्यांवरच्या भरलेल्या ग्लासांकडं पाहिलं. पळी त्यांनी डब्यावर ठेवून दिली.

तेवढ्यात फाटकातून सोनिया आली. खांद्यावर कैऱ्यांची पिशवी, चेहरा उन्हानं लाल. तिला कुणी काही सांगायला लागलं नाही. तिनं पिशवी भिंतीशी ठेवली, डब्यातलं थेंबभर पन्हं तळहातावर घेऊन चाटलं आणि नजमाला म्हणाली, "मावशी, फ्रिजमधला गर आणा. दोन्ही डबे. आन् एक रिकामं पातेलं."

नजमानं आणला. तो बिनमिठाचा कैरीचा गर होता. सोनियानं मोठ्या डब्यातलं निम्मं पन्हं पातेल्यात ओतलं. दोन्हीकडं गर घातला, गुळाचं पाणी घातलं, बर्फ घातला, रवीनं घुसळलं. कुठं थांबली नाही, कुठं अडखळली नाही, की दुसऱ्यांदा चाखलंही नाही. किती घालायचं ते तिच्या हाताला पाठ होतं. लक्ष्मीबाई ते हात बघत राहिल्या. असले हात एका दिवसात तयार होत नाहीत, एवढं त्यांना कळत होतं.

दहा मिनिटांत ग्लास पुन्हा फिरायला लागले. जालन्याच्या आत्यानं दोन घेतले. लक्ष्मीबाई मात्र कुणाला न सांगता घरी निघून गेल्या.

दिवेलागणीला सोनिया आणि नजमा दोघी आल्या. लक्ष्मीबाई अंधारात बसल्या होत्या. सोनियानं दिवा लावला.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"संक्रांतीपासून," सोनिया म्हणाली. "तापातून उठलात तेव्हापासून तुम्हाला मिठाची चव लागत नाय, आई. गोड लागतं, आंबट लागतं. मीठच तेवढं नाय."

"आन् मला सांगितलं नाय कुणी?"

"सांगितलं व्हतं. फेब्रुवारीत. तुम्ही म्हणाला, कालची पोर मला चव शिकवते. दोन दिवस जेवला नाय तुम्ही."

लक्ष्मीबाईंना ते आठवलं. भांडण आठवत होतं, कारण मात्र त्या विसरल्या होत्या.

"मग मीच म्हटलं हिला," नजमा म्हणाली, "माझ्या गॅसवर उकड, बिनमिठाचा गर ठेव, बरणीत मिळव. लक्ष्मीबाईचं नाव खाली नाय पडायला पाहिजे. गलती मेरी है. तुला सांगायला पाहिजे व्हतं."

"तुझ्या पोरीच्या मेंदीत मी तुला चार माणसांत चोर केलं."

"केलं खरं." नजमा बसली. "लुबना लई चिडलीय तुझ्यावर. उद्या येऊन तिची समजूत काढ. मी काढणार नाय."

लक्ष्मीबाई दुसऱ्या दिवशी वड्यांचा डबा घेऊन गेल्या. लुबनानं आधी डब्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "चाची, अम्मी पे शक किया आपने?" लक्ष्मीबाईंनी फक्त "व्हय" म्हटलं. मेंदीनं रंगलेल्या हातांनी लुबनानं डबा घेतला, पण हसली नाही. ती हसली ते तिसऱ्या दिवशी, निकाहनंतर, सासरी जाताना. तेही रडता रडता.

गोकुळनं त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या तापानंतर होतं असं कधी कधी. चव परत येईल, कदाचित येणारही नाही. आठ दिवस लक्ष्मीबाईंनी चुलीकडं पाहिलं नाही. दोन साखरपुड्यांची कामं आली, ती परत पाठवली.

नवव्या दिवशी पिशोरच्या कैऱ्या पिकायला लागल्या, तेव्हा त्या उठल्या. कैऱ्या उकडल्या, गर काढला. गुळाचं त्यांचं त्यांनी बघितलं. मीठ घातलं आणि सोनियाला हाक मारली.

"चाख."

सोनियानं चमचाभर घेतलं. लक्ष्मीबाई तिच्या तोंडाकडं डोळे बारीक करून बघत होत्या. ही खरं सांगते की आपलं मन राखते, हे आता कायम असं चेहऱ्यावरून ताडत बसायचं की काय? सून "छान झालंय" म्हणाली असती, तर त्यांचा विश्वास बसला नसता.

"मीठ जास्त आहे," सोनिया म्हणाली. "लई नाय. पण जास्त आहे."

लक्ष्मीबाईंनी श्वास सोडला. "मग बघत काय बसलीस? गर आण की."